पायनघाटातल्या बिनगाड्यांच्या वाटा

वऱ्हाडचे जुने कागद वाचताना दोन शब्द वारंवार भेटतात, पायनघाट आणि बालाघाट. दोन्ही फारसी वळणाचे. ‘पाईन’ म्हणजे खालचा आणि ‘बाला’ म्हणजे वरचा. दक्षिणेकडे अजिंठ्याच्या रांगांवरचा उंच मुलूख तो बालाघाट. उत्तरेला सातपुड्यातले गाविलगडचे डोंगर. या दोन डोंगरांच्या मध्ये पूर्णा नदीचं जे सपाट, काळ्या मातीचं खोरं पसरलं आहे, तो पायनघाट. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी ही सगळी गावं याच खोऱ्यातली. मोगली दफ्तरातला हा शब्द इंग्रजांनी गॅझेटियरात जसाच्या तसा उचलला. आज तो अभ्यासकांपुरताच उरला आहे.

मला त्याचा अर्थ सायकलने शिकवला. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे, सातपुड्याच्या पायथ्याचं अचलपूर सुमारे ३७० मीटरवर. एवढा चढ पाऊणशे किलोमीटरच्या अंतरात इतका पसरून येतो की पायांना त्याचा पत्ताच लागत नाही. दिवाळीनंतर वाटा वाळल्या की मी या खोऱ्यात सायकल काढतो, आणि होईल तितका डांबरी रस्ता टाळतो. युरोप-अमेरिकेत याला आता ‘ग्रॅव्हल’ सायकलिंग म्हणतात. त्यासाठी जाड टायरच्या, लाखाच्या घरातल्या सायकली निघाल्या आहेत. आपल्याकडे ग्रॅव्हल म्हणजे मुरूम. माझी सायकल साधी, मागे कॅरियर असलेली. तिने आजवर तक्रार केलेली नाही.

या वाटांवर गाड्या नसतात म्हणून मी तिथे जातो हे खरं, पण त्या रिकाम्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. वऱ्हाडचा इतिहास आपण किल्ले आणि लढायांच्या आधाराने वाचतो. नरनाळा, गाविलगड, बाळापूर. १४९० च्या सुमारास फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क बहमनींपासून वेगळा झाला आणि वऱ्हाडची इमादशाही उभी राहिली. फरिश्ता सांगतो की हा फतहुल्लाह मूळचा विजयनगरच्या मुलखातला, लढाईत पकडून आणलेला हिंदू मुलगा. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने हे राज्य गिळलं. मूर्तिजापूरचं नाव त्याच्यावरून पडलं असं मानतात, आणि दर्यापूरचं दर्या इमादशहावरून. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्कने आलम अली खानाचा पराभव केला. १८०३ च्या २९ नोव्हेंबरला अडगाव आणि शिरसोलीच्या मधल्या रानात वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजा मोडल्या, पंधरवड्याने गाविलगड घेतला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. हे सगळं शाळेत होतं. या फौजांना धान्य कुठल्या वाटेने आलं, हे शाळेत नव्हतं.

धान्य यायचं बंजाऱ्यांच्या बैलांवरून. गाड्या नव्हेत, पाठीवर गोण्या लादलेले बैल. मोगलांच्या फौजांना, निजामाच्या फौजांना आणि वेलस्लीच्या फौजेलाही याच तांड्यांनी पोसलं. फौज नसेल तेव्हा हेच बैल वऱ्हाडचा कापूस घेऊन नागपूरमार्गे थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जात. शेकडो मैलांचा प्रवास, काही महिन्यांचा. वाटेत पाऊस गाठला तर कापूस भिजून जड व्हायचा आणि बैल चिखलात बसायचे. पायनघाटातल्या काळ्या मातीचा स्वभाव ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. जूनच्या पहिल्या दोन सरींनंतर तिथे सायकल नेऊन पाहा. चाक आणि मडगार्डच्या मध्ये माती अशी भरते की पन्नास पावलांत सायकल खांद्यावर घ्यावी लागते. या खोऱ्यात मातीचा गाळ खोलवर साचलेला आहे. रस्त्याला लागणारा दगड आणि मुरूम डोंगराच्या बाजूने ओढून आणल्याशिवाय पक्का रस्ता होतच नाही. म्हणून इथे शतकानुशतकं रस्ता नव्हता, वाटा होत्या. आणि त्या आठ महिन्यांच्या होत्या.

गावातून शिवारात आणि एका शिवारातून दुसऱ्या गावात जाणाऱ्या वाटेला आमच्याकडे पांदण म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातली पाणंद ती हीच. दोन्ही बाजूंना बाभळी, बोरी, हिवर, मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा, आणि शतकभर चाकं फिरल्याने शेतापेक्षा हात-दोन हात खाली गेलेली जमीन. पावसाळ्यात तीच पांदण ओढा होते. गाडगेबाबांचा जन्म १८७६ चा, अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचा. लहानपण गेलं मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाकडे. हातात खराटा घेऊन ते आयुष्यभर चालले, पण चालायची सवय लागली ती गुरांमागे, याच पांदणींत.

याच वाटांवर आमचेही लोक होते. वऱ्हाडच्या खेड्यांत मुसलमान म्हटलं की नवाब आणि जहागीरदार आठवणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, एकदा पिंजाऱ्याचा हिशेब करा. अचलपूरचे नवाब एक घराणं होतं, पिंजारी मात्र मुलखभर होते. हिवाळ्याच्या तोंडाशी पिंजारी खांद्यावर लांब पिंजण घेऊन पांदणीने गावात शिरायचा. तिच्या तातेचा टणत्कार ऐकू आला की बायका जुन्या गाद्या ओट्यावर काढायच्या. मन्यार बांगड्या घेऊन यायचा, अत्तार सुरमा आणि सुया, बागवान मोसमातली फळं. दर गावचा बाजार वेगळ्या वाराला, त्यामुळे त्यांचा आठवडा म्हणजे पांदणींनी जोडलेलं एक वर्तुळ असे. पुढे सायकल आली तशी ती आधी याच लोकांनी घेतली. घोडा परवडत नव्हता, बैलगाडीला बैल पोसावे लागत. सायकलला दोन थेंब तेल आणि थोडी हवा. माझ्या आजोबांची सायकल मी पाहिलेली आहे. पुढे दांड्याला कापडाचं बोचकं, मागे कॅरियरला लाकडी पेटी. चाळीस-पन्नास किलो माल घेऊन ते मुरमावरून चालवत. गावात सायकल दुरुस्तीचं आणि भाड्याने देण्याचं दुकानही बहुधा मुसलमानाचंच असे. ‘पंक्चरवाले’ ही आज समाजमाध्यमांवरची शिवी आहे. ती वाचली की मला आठवतं, परीक्षेच्या सकाळी तालुक्याला जाणारी पोरं याच दुकानासमोर रांगेत उभी असायची, आणि पैसे नसतील तर नाव वहीत लिहून सायकल मिळायची.

पूर्णा ओलांडून उत्तरेकडे गेलं की माती तीच राहते, पाणी बदलतं. हा खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं यात येतात. खोऱ्याच्या गाळात मीठ साठलेलं आहे, त्यामुळे विहीर खोदावी आणि पाणी खारट निघावं असा इथला शाप. सायकलवर निघताना पाण्याची बाटली अकोल्यातूनच भरून घ्यावी, वाटेतल्या हातपंपावर विसंबू नये, हा माझा अनुभवाचा सल्ला. जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. नरनाळ्यावर पावसाचं पाणी धरणारे दगडी तलाव आहेत, अचलपूरजवळ हौज कटोरा आहे. ही बांधकामं शौकापोटी झालेली नाहीत, डोंगराच्या पायथ्याचं गोडं पाणी इथे किमती होतं.

पण खाऱ्या पाण्याचाही उपयोग होता. अकोल्याच्या उत्तरेला दहीहांडा नावाचं गाव आहे. तिथल्या परिसरात पूर्वी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. इंग्रजांनी ते बंद केलं. १९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचललं, तेव्हा वऱ्हाडच्या कार्यकर्त्यांपुढे प्रश्न आला की समुद्र तर शेकडो मैल लांब, कायदा मोडायचा कुठे? ते दहीहांड्याला गेले. खाऱ्या विहिरीचं पाणी काढून, तापवून मीठ केलं. समुद्राशिवाय झालेला हा मिठाचा सत्याग्रह. दांडीचं स्मारक देशाला माहीत आहे. दहीहांड्याच्या वाटेवर मला मात्र कापूस वेचणाऱ्या बायका, दोन बगळे आणि एक बंद पडलेला ट्रॅक्टर एवढंच भेटलं, आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी मला तेवढंच पुरे होतं.

कापसाने या वाटांवर सावली धरली ती १८६० च्या दशकात. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आलं होतं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे इकडे वळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावची छोटी शाखा उघडायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. आठ-दहा मैलांच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून कापसाचं वजन समजावं. त्याच दशकात रयतवारी मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर पडले, आणि पांदणी पहिल्यांदा नकाशावर आल्या. रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचे तांडे उठले. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर लिहिलेलं पुस्तक या काळासाठी जरूर वाचावं. ज्वारीची जमीन कापसाखाली गेली, आणि १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत तीच कापूस पिकवणारी माणसं उपाशी मेली, ही गोष्ट रेल्वेच्या कौतुकात हरवते.

मुख्य मार्गापर्यंत कापूस आणायला मग अरुंद रुळांची रेल्वे टाकली. मूर्तिजापूरहून एक फाटा दक्षिणेला यवतमाळकडे, एक उत्तरेला अचलपूरकडे. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखालची ही सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे. लोकांनी तिचं नाव ठेवलं शकुंतला. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे एकत्र झाल्या तरी हिची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. १९९४ च्या १५ एप्रिलपर्यंत ती मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनावर धावली, नंतर डिझेलवर. गार्डच तिकिटं फाडायचा, गाडीतलीच माणसं उतरून फाटक लावायची. आता काही वर्षांपासून ती बंद आहे.

तिच्या कडेकडेने जाणारी गाडीवाट ही या खोऱ्यातली माझी सर्वांत आवडती वाट. मूर्तिजापूर सोडलं की लाखपुरी, तिथे पूर्णेच्या काठचं लक्षेश्वराचं देऊळ. मग दर्यापूरचं बनोसा स्टेशन, लेहेगाव, कापूसतळणी, अंजनगाव, पथ्रोट आणि शेवटी अचलपूर. कापूसतळणी या नावात या रेल्वेचा सगळा जमाखर्च आला. रूळ अजून बऱ्याच ठिकाणी आहेत, काही जागी त्यांच्यामधून बाभळी मनगटाएवढ्या झाल्या आहेत. पुलांवरून मी सायकल नेत नाही, खाली उतरून नदीचा फेरा घेतो, आणि वाचकांनीही तेच करावं. स्पेनमध्ये १९९३ पासून बंद पडलेल्या रेल्वेमार्गांना ‘हिरव्या वाटा’ करून पायी आणि सायकलने फिरणाऱ्यांना दिलं गेलं. फ्रान्सच्या मिदी कालव्याकाठी जिथे पूर्वी घोडे नावा ओढत, तिथे आज सायकली चालतात. शकुंतलेचंही असं करावं, असं शहरातले सायकलवाले मित्र अधूनमधून सुचवतात. मला ते पटत नाही. इथल्या माणसांना गाडी हवी आहे, ब्रॉडगेज हवी आहे, त्यासाठी ते वर्षानुवर्षं निवेदनं देत आहेत. एसटीच्या निम्म्याहून कमी पैशात जाणारा मजूर जिच्यातून उतरला, तिच्या रुळांवर आमच्या सहली बसवणं मला बरं दिसत नाही. रूळ पडून आहेत तोवर कडेने जावं आणि गाडी आली तर आनंदाने वाट सोडावी.

कालव्याची वाट मात्र कुणाचीही गाडी हिरावून घेत नाही. महानजवळच्या काटेपूर्णा धरणाचे कालवे, तेल्हाऱ्याच्या बाजूला वानचे. आमच्या घरात त्याला नहर म्हणत, शेजारी कॅनल म्हणत, आणि खात्याच्या पाटीवर कालवा लिहिलेलं असे. या कालव्यांच्या भरावावर खात्याची जीप जावी म्हणून मुरमाची पट्टी केलेली असते. तिच्यामागे एक गंमत आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट काँक्रीटचं अस्तर टाकलं तर ते तडकतं. म्हणून अस्तराखाली आणि काठावर न फुगणारा मुरूम आणून दाबावा लागतो. म्हणजे ज्या मुरमावर माझी सायकल सुरळीत पळते तो माझ्यासाठी टाकलेला नाही, मातीच्या भीतीने टाकलेला आहे. रब्बीत पाणी सोडलं की काठाने सायकल चालवताना एक थंड झोत अंगाला लागत राहतो. एका बाजूला हरभरा, दुसरीकडे संत्र्याची बाग, आणि मैलभर हॉर्न नाही. याच धरणांतून चौसष्ट खेडी, चौऱ्याऐंशी खेडी अशा नावांच्या नळयोजना खारपाणपट्ट्यात गोडं पाणी नेतात. त्यामुळे सिंचनाला किती आणि शहराला किती यावरून भांडणंही होतात. वानच्या पाण्यासाठी तेल्हाऱ्याचे शेतकरी रस्त्यावर उतरले ते याच कारणाने.

सगळ्यांत वाईट हाल पांदणींचे आहेत. रुळाला कंपनी आहे, कालव्याला खातं आहे, पांदणीला कुणी नाही. दोन्हीकडचे शेतकरी दरवर्षी एकेक तास आत सरकवतात. मी त्यांना चोर म्हणणार नाही, दोन-तीन एकरांच्या तुकड्यावर जगणाऱ्याला बांधाची प्रत्येक वीत मोठी असते. पण दहा-पंधरा वर्षांत गाडीवाट पायवाट होते आणि मग पायवाटही तुरीत जाते. कायदा नाही असं नाही. १९०६ चा मामलतदार कोर्ट कायदा अडवलेली वाट मोकळी करून देतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३ बांधावरून जाण्याचा हक्क देतं. आणि त्याच संहितेत विदर्भापुरतं एक प्रकरण आहे, निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. वाजिब-उल-अर्ज म्हणजे जे मांडणं रास्त आहे ते. गावात पाण्याचा, वाटेचा, मासेमारीचा काय रिवाज आहे, कुणाला कुठून जायचा हक्क आहे, हे त्यात लिहून ठेवायचं असतं. मोगली कारभारातून आलेला हा फारसी-अरबी शब्द मराठी कायद्यात आजही जिवंत आहे, आणि तो वाटेचं रक्षण करतो. अशा शब्दांना परके म्हणणाऱ्यांनी एकदा तहसील कचेरीत जाऊन आपल्याच शेताच्या वाटेचा कागद मागावा. मी एका गावचा मागितला होता. तीन चकरा झाल्यावर तो मिळाला. गावनकाशात पांदण तुटक रेषांनी दाखवलेली होती, गावठाणापासून पूर्णेच्या उतारापर्यंत सलग.

२०२१ मध्ये शासनाने मातोश्रींच्या नावाने शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली. काही ठिकाणी खडी-मुरूम पडला आणि पावसाळ्यातही ट्रॅक्टर शेतात जाऊ लागला. जिथे आधी अतिक्रमण काढायचं होतं, तिथे बहुतेक वेळा घोडं अडलं. नकाशा घेऊन मी त्या पांदणीत सायकल घातली तेव्हा निम्म्यात कपाशी उभी होती. बांधावर एक गृहस्थ मोपेड लावून विडी ओढत बसले होते. मागच्या सीटवर कापूस पिंजायचं मोटारीचं यंत्र बांधलेलं. वडील पिंजण घेऊन याच वाटेने यायचे, म्हणाले.

“पांदन बुजली ना भाऊ. पह्यले इथून अर्ध्या घंट्यात पल्याडच्या गावात पोचत होतो. आता डांबरी रोडनं फेऱ्यानं जा लागते, बारा किलोमीटर. दोन गाद्यांच्या मजुरीत पेट्रोलच जाते. त्या गावाले तीन साल झाले, गेलोच नाही.”

मी त्यांना नकाशा दाखवला. त्यांनी तुटक रेषेवर बोट ठेवून नदीपर्यंत नेलं, वाटेत कुणाची विहीर होती, कुठे चिंच होती ते सांगितलं, आणि मोपेड वळवून डांबरी रस्त्याकडे निघाले.